रिसीव्हरमधली बेस आणि स्पीकर सेटिंग : पिक्चरला सब घुमतो, सेट-टॉप बॉक्सवर मुका

फुटाळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नागपुरात मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाळीत ५.१ चा रिसीव्हर (टीव्हीचा आवाज सगळ्या स्पीकरांना वाटून देणारं अँप) घेतला. समोर (फ्रंट) दोन उंच टॉवर स्पीकर, मधे सेंटर, मागे (सराउंड) दोन छोटे बुकशेल्फ स्पीकर आणि खोल बेससाठी १० इंची सबवूफर, म्हणजे सब. दुकानाचा माणूस आला, वायरी जोडल्या, माइक लावून ऑटो सेटिंग केलं आणि गेला.

हॉल साधारण १५ बाय १२ फूट, उंची १० फूट. टीव्ही १२ फुटी भिंतीवर. सोफा लांबीच्या अगदी मधोमध आहे, कारण मागे डायनिंग टेबल. फरशी टाइल्सची, एक पातळ सतरंजी. सब टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात.

अडचणी अशा : ओटीटीवर पिक्चर लावला की सब वाजतो, पण सेट-टॉप बॉक्सवर मराठी चॅनेल किंवा गाण्यांचा कार्यक्रम लावला की सबमधून काहीच येत नाही. दुसरं म्हणजे सोफ्यावर बसलं की बेस पोकळ वाटतो, आणि डायनिंगच्या खुर्चीवर भिंतीला टेकून बसलं की नुसता घुमतो. खोली तीच, आवाज तोच. मग मी टोन कंट्रोलमधून बेस +६ केला, तर संवाद जड झाले.

मेनूत सध्या फ्रंट लार्ज, सेंटर स्मॉल ८० हर्ट्झ, सराउंड स्मॉल १२०, सबवूफर मोड एलएफई, सबची पातळी −११.५. सबच्या पाठीमागचा क्रॉसओव्हरचा (कुठपर्यंतचे सूर सबने वाजवायचे ते ठरवणारा) नॉब ६० वर आणि आवाजाचा नॉब जवळजवळ पूर्ण. कोणी नीट समजावून सांगेल का? दुकानात विचारलं तर "गाणं लावून कानाला बरं वाटेल तसं फिरवा" एवढंच उत्तर मिळालं.

तारवाला

फुटाळाकाठ, माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळे सांगणं सोपं झालं. पहिल्या अडचणीचं कारण तुमच्या मेनूतच आहे : फ्रंट लार्ज.

५.१ मधला '.१' म्हणजे एलएफई हा वेगळा चॅनेल. पिक्चरच्या मिक्सिंगमध्ये स्फोट, गडगडाट वगैरे त्यात मुद्दाम घातलेला असतो, साधारण १२० हर्ट्झपर्यंत. सेट-टॉप बॉक्सवरून बहुतेक चॅनेलांचा आवाज स्टिरिओच येतो, म्हणजे डावा आणि उजवा, बस. त्यात एलएफई नाहीच. आता फ्रंट लार्ज आहेत, म्हणजे तुम्ही रिसीव्हरला सांगितलंय की डाव्या-उजव्याचा सगळा बेस टॉवरनाच दे. मग सबसाठी उरतं काय? काही नाही. तो बिघडलेला नाही, त्याच्याकडे सिग्नलच पोचत नाही.

फ्रंट स्मॉल करा, क्रॉसओव्हर ८०. या सेटिंगचा स्पीकरच्या आकाराशी काही संबंध नाही. स्मॉल केलं की त्या स्पीकरच्या वाट्याचा ८० हर्ट्झखालचा बेस सबकडे वळतो, एवढंच. ८० हा आकडा टीएचएक्सने (सिनेमाच्या आवाजाची प्रमाणं ठरवणारी कंपनी) प्रमाण म्हणून धरलेला. त्याच्या आसपास आणि खाली आवाज नेमका कोणत्या दिशेने येतोय हे कानाला फारसं कळत नाही, म्हणून सब कोपऱ्यात असला तरी बेस पडद्याकडूनच आल्यासारखा वाटतो.

ऑटो सेटिंगने टॉवर लार्ज का ठरवले? माइकला ते खोलीत साधारण ४० हर्ट्झपर्यंत पोचताना दिसले म्हणून. ते फक्त मोजमाप आहे, निर्णय तुमचा. ऑटोने दिलेला क्रॉसओव्हर वर नेला तर चालतो, खाली मात्र आणू नका. मागच्या बुकशेल्फना १२० मिळालाय, तो तसाच ठेवा. त्याच्या खाली ते स्पीकर दमतात आणि खोलीची दुरुस्तीही तिथे केलेली नसते.

टोन कंट्रोल शून्यावर आणा. +६ ने सबच्या हद्दीबरोबर १००-२०० हर्ट्झचा पट्टाही उचलला जातो आणि पुरुषी आवाजाचं मूळ तिथेच असतं. संवाद त्यानेच जड झाले.

सावजी_तर्री

तारवाला भाऊ, मले एक सांगा. एवढे पैसे टाकून टॉवर घेतले अन् त्यायले स्मॉल करून ठेवायचं, हे काऊन? मी तं सबवूफर मोड 'एलएफई अधिक मेन' करून ठेवला हाये. फ्रंट लार्ज अन् सबबी सोबत. सेट-टॉप बॉक्सवर गाणं लावा, चांगलं दणदणीत वाजून राहिलं माह्यावालं.

तारवाला

सावजी भाऊ, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कोणताही स्पीकर एक सप्तक खाली तितक्याच जोरात वाजवायचा तर त्याच्या कोनाला (आवाज काढणाऱ्या हलत्या पडद्याला) चौपट पुढे-मागे व्हावं लागतं. ८० वर जेवढी हालचाल, ४० वर त्याच्या चौपट. टॉवरमधले सहा इंची कोन तेवढं अंतर कापताना गाणाऱ्याचा आवाजही त्याच कोनावर धरून असतात, आणि तो गढूळ होतो. स्मॉल केल्यावर टॉवर बेकार जात नाही. त्याच्यावरचा सगळ्यात जड भार निघतो आणि ८० च्या वरचं सगळं तो जास्त मोकळेपणाने वाजवतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या गावची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बहुतेकांचा रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात असतो. बेस वाजवायला सगळ्यात जास्त ताकद लागते. १० डेसिबल वाढवायचे तर दहापट वॉट. ते काम सबच्या स्वतःच्या अँपने केलं तर रिसीव्हर कमी तापतो. उन्हाळ्यात मधेच प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडणारे रिसीव्हर मी पाहिलेत. फ्रंट लार्ज, कप्पा बंद आणि वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला, असा तो प्रकार असतो. रिसीव्हरच्या डोक्यावर काहीही ठेवू नका.

आता 'एलएफई अधिक मेन'. त्यात तोच बेस टॉवरमधून आणि सबमधूनही येतो. दोन वेगळ्या जागांहून, दोन वेगळ्या अंतरांवरून. काही सुरांवर दोन्ही मिळून फुगतात, काहींवर एकमेकांना खाऊन टाकतात. दणदणीत वाटतं ते या फुगलेल्या सुरांमुळे. यामाहावाल्यांकडे 'एक्स्ट्रा बेस' नावाची सोय आहे, तीही याच जातीची. एखादं गाणं असं ऐका की ज्यात बेस गिटार सूर बदलत चालते. प्रत्येक सूर सारखा वाजतोय की एखादाच अंगावर येतोय, ते लगेच समजेल.

खर्जातला_सा

मी शास्त्रीय ऐकणारी आहे, पिक्चर फार कमी बघते. माझी परीक्षा तानपुऱ्याची आहे, ती इथे सांगावीशी वाटते.

काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत लावलेला) तानपुरा घ्या. त्याचा खर्जाचा सा साधारण ६९ हर्ट्झवर येतो, आणि जोडीच्या तारा एक सप्तक वर, १३९ च्या आसपास. आमच्याकडे आधी छोटे सॅटेलाइट स्पीकर होते, क्रॉसओव्हर १५०. खर्ज आणि जोड दोन्ही सबकडे जायचे आणि वरची गुणगुण समोरून. तानपुरा एका जागी बसतच नव्हता, त्याचा तळ कोपऱ्यात गेल्यासारखा भास व्हायचा. बुकशेल्फ घेतल्यावर क्रॉसओव्हर ८० केला आणि सब कोपऱ्यातून काढून डाव्या स्पीकरशेजारी आणला. आता तानपुरा गायकाच्या मागे बसलेला ऐकू येतो.

तबल्यासाठीही हेच. डग्ग्याची मींड सबमध्ये शिरताना आणि बाहेर येताना सांधा दिसता कामा नये. स्फोटांवरून सब जुळवला तर तो नेहमी जास्त मोठा ठेवला जातो. डग्ग्यावरून जुळवलात तर पिक्चरही आपोआप नीट वाजेल, असं माझं ठाम मत आहे.

सावजी_तर्री

ताई, हे भारी सांगितलं. डग्ग्यावर करून पाहतो.

बर्डीकर

सबच्या पाठीमागच्या नॉबांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. सीताबर्डीत बरीच वर्षं याच धंद्यात आहे आणि लोकांच्या घरी सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच दिसतो.

फुटाळाकाठ, सबचा क्रॉसओव्हर ६० वर आहे म्हणता. रिसीव्हर त्याला ८० पर्यंतचं देतोय, सराउंडचं तर १२० पर्यंतचं, आणि सब ६० च्या वरचं कापतोय. म्हणजे फ्रंट स्मॉल केल्यावर ६० ते ८० चा तुकडा ना टॉवर वाजवणार, ना सब. नॉब पूर्ण उजवीकडे न्या, किंवा सबवर 'एलएफई' असा इनपुट असेल तर केबल त्यात लावा. कापणं एकाच जागी व्हावं, रिसीव्हरमध्ये.

रिसीव्हरमध्ये 'एलएफईसाठी एलपीएफ' (वरचे सूर कापणारा लो पास फिल्टर) असं एक वेगळं सेटिंग असतं. ते १२० वरच ठेवा. ते एलएफई चॅनेलपुरतं आहे, बाकी स्पीकरांच्या क्रॉसओव्हरशी त्याची गल्लत करू नका.

आवाजाचा नॉब : −११.५ म्हणजे रिसीव्हर ओरडून सांगतोय की सब फार मोठा आहे. बऱ्याच रिसीव्हरांत खालची हद्द −१२ असते, तुम्ही तिथे टेकलात. इतका बारीक सिग्नल गेला की 'ऑटो ऑन'वर ठेवलेला सब जागाच होत नाही. हळू आवाजात टीव्ही बघताना तो झोपून राहतो. नॉब मध्यावर आणा, ऑटो सेटिंग परत चालवा, पातळी −३ ते −६ च्या आसपास आली पाहिजे.

ऑटो सेटिंग झाल्यावर सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसेल. सब नऊ फुटांवर आणि मेनूत चौदा फूट, असं. लोक टेप घेऊन मोजतात आणि आकडा 'दुरुस्त' करतात. करू नका. आवाज एका मिलिसेकंदात फुटापेक्षा जरासाच जास्त जातो, आणि सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला काही मिलिसेकंदांचा उशीर होतो. माइकने तो उशीर अंतरात धरलेला असतो. टॉवर आणि सेंटरचं अंतर मात्र टेपशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर आधी लाल-काळ्या वायरी तपासा. एका टॉवरची वायर उलटी असली तरी बेस गायब होतो.

माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, हातात धरू नका. स्टँडवर, बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर. पंखा, फ्रिज आणि मुख्य म्हणजे कूलर बंद. कूलरची घरघर नेमकी खालच्या पट्ट्यात असते आणि माइक ती मोजतो. उन्हाळ्यात हे काम पहाटे करावं.

फुटाळाकाठ

तारवाला, बर्डीकर, ताई, मनापासून आभार. फ्रंट स्मॉल ८०, सबचा क्रॉसओव्हर पूर्ण उजवीकडे, आवाज मध्यावर, कूलर बंद ठेवून ऑटो सेटिंग परत. फ्रंट पुन्हा लार्ज आले, ते हाताने बदलले. सबची पातळी आता −४.५. सेट-टॉप बॉक्सवर सब वाजतो! नाट्यसंगीताचा कार्यक्रम लागला होता, आईनेही लगेच ओळखलं की तबला भरला.

पण सोफ्यावरचा पोकळपणा पूर्ण गेला नाही. डायनिंगला अजून घुमतंच.

तारवाला

त्याचं कारण सेटिंगमध्ये नाही, खोलीत आहे.

दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची लाट अडकते. आवाजाचा वेग भागिले अंतराची दुप्पट, म्हणजे ती अडकणारी वारंवारता. तुमच्या १५ फुटांसाठी ती येते सुमारे ३८ हर्ट्झ, १२ फुटांसाठी सुमारे ४७, उंचीसाठी ५७ च्या आसपास. या लाटेचा जोर भिंतीशी सगळ्यात जास्त आणि बरोब्बर मध्यावर शून्य. तुमचा सोफा लांबीच्या मध्यावर, म्हणजे ३८ ला तुम्ही खड्ड्यात बसलाय. डायनिंगची खुर्ची भिंतीशी, तिथे तोच ३८ शिगेला. शिवाय मध्यावर त्याचा दुप्पट सूर, ७६, उलट जोरात असतो. म्हणून खोल बेस नाही आणि वरचा बेस ठणकतो, त्यालाच तुम्ही पोकळ म्हणताय.

हॉल स्वयंपाकघराला मोकळा जोडलेला असेल तर आकडे थोडे सरकतील, पण प्रकार हाच.

रिसीव्हर माइकने मोजून करतो ती खोलीची दुरुस्ती, मग ती ऑडिसी असो, यामाहाची वायपाओ असो की पायोनियरची एमसीएसीसी, फुगवटा कापू शकते. खड्डा भरू शकत नाही. तिथे कितीही ताकद ओतली तरी भिंतीवरून परतणारी लाट ती खाऊनच टाकते, वर सबचं अँप दमतं. इलाज एकच, जागा बदलणं. सोफा मध्यावरून दोन-अडीच फूट मागे जाईल का? भिंतीला मात्र टेकवू नका.

बर्डीकर

सबचीही जागा बघा. कोपऱ्यात तो सगळ्याच लाटा जोरात उठवतो. आवाज मोठा मिळतो, पण एकसारखा नाही. जुनी आणि खात्रीची रीत : सब उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बेस गिटार सारखी चालती असेल असं गाणं लावा. मग टीव्हीच्या भिंतीकडेने गुडघ्यांवर सरकत, कान सबच्या उंचीला ठेवून ऐका. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात तिथे सब न्या. ध्वनीला दिशा उलटी केली तरी फरक पडत नाही, म्हणून हे चालतं. विचित्र दिसतं, पण याहून स्वस्त आणि खरा उपाय मला माहीत नाही.

आलेखवाला

ज्यांना आकड्यांत बघायचंय त्यांच्यासाठी : रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. यूएसबीवर चालणारा मोजमापाचा माइक घ्यावा लागतो, युमिक-१ सारखा. २० ते २०० हर्ट्झचा आलेख काढला की खड्डे आणि फुगवटे स्पष्ट दिसतात. मोबाइलच्या माइकवर फार विसंबू नका, खालच्या सुरांना तो नीट पकडत नाही. पातळी वाढली की कमी झाली एवढं बघायला ठीक.

सब आणि टॉवरचा सांधा तपासायला ८० हर्ट्झचा सलग सूर लावा आणि सबचा फेज (त्याची लाट सरळ की उलटी, ते ठरवणारा खटका) ० आणि १८० करून बघा. बसायच्या जागी ज्यात मोठा ऐकू येतो तो बरोबर. हा सूर फार मोठ्याने आणि फार वेळ वाजवू नका.

खालचा_मजला

मी हा धागा वेगळ्या कारणाने वाचतोय. माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये असाच सेट आहे. त्यांचे संवाद मला कधीच ऐकू येत नाहीत, गाणंही नाही. येतो तो फक्त धप्प-धप्प. घरात आजारी माणूस आहे आणि रात्री अकराला तो आवाज छातीत जाणवतो. त्यांना सांगितलं, तर त्यांनी मोबाइलवर मोजून दाखवलं की आवाज मर्यादेत आहे. मंडळी, सब लावताना खाली कोणीतरी राहतं हेही धरा, एवढी विनंती आहे.

तारवाला

तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि मोबाइलवरचा तो आकडा का फसवा आहे हे सांगायलाच हवं.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ही मोजणी 'ए' पद्धतीने होते. त्या पद्धतीत ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटरवर सगळं ठीक दिसतं आणि खालच्या माणसाची झोप जाते. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, पडदे, गालिचा, दार यांनी ती अडत नाही.

सबखाली रबराचे पाय किंवा जाड फोम ठेवला तर स्लॅबमध्ये थेट जाणारा थरार कमी होतो. हवेतून जाणारा नाही. म्हणून रात्री आवाजच कमी करायचा : ऑप्शन मेनूतून सबची पातळी पाच-सहा डेसिबल खाली, आणि डायनॅमिक रेंज (मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक) कमी करणारा नाइट मोड चालू. ऑडिसी असलेल्या वरच्या मॉडेलांत एलएफसी नावाची सोय आहे, ती शेजारी जाणारा बेस कमी करण्यासाठीच दिलेली आहे.

ऑडिसीच्याच डायनॅमिक ईक्यू या सोयीचाही इथे संबंध आहे. हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलं होतं. डायनॅमिक ईक्यू ती कमी भरून काढतं, म्हणजे तुम्ही आवाज खाली आणता तसा तो बेस सापेक्ष वाढवत नेतो. दिवसा उत्तम. मात्र टीव्हीचे कार्यक्रम पिक्चरपेक्षा मोठ्या पातळीवर बनवलेले असतात, तिथे रेफरन्स लेव्हल ऑफसेट (डायनॅमिक ईक्यूचा जोर कमी करणारं सेटिंग) १० किंवा १५ करा, नाहीतर निवेदकाचा आवाजही घुमतो. रात्री दहानंतर तर ते बंदच ठेवा.

खालचा_मजला

धन्यवाद. 'ए' पद्धतीचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वरच्यांना हा धागा वाचायला देतो.

सावजी_तर्री

भाऊ, मी काल फ्रंट स्मॉल करून डग्गा ऐकला. आधी एकच थाप जोरात यायची, बाकीच्या दबून राहत होत्या. आता सगळ्या मोजता येऊन राहिल्या. एलएफई अधिक मेन बंद केलं. अन् रिसीव्हरवरचा सेट-टॉप बॉक्सबी खाली उतरवला.

फुटाळाकाठ

सोफा दोन फूट मागे घेतला, डायनिंग टेबल आडवं केलं. सब कोपऱ्यातून काढून डाव्या टॉवरच्या आतल्या बाजूला आला, बर्डीकरांच्या रीतीने तीच जागा मिळाली. जागा बदलल्यावर ऑटो सेटिंग पुन्हा चालवलं. पोकळपणा गेला. डायनिंगला अजून थोडं घुमतं, पण तिथे बसून पिक्चर कोणी बघत नाही. सेंटर +१.५ केला, संवाद स्वच्छ झाले. रात्रीसाठी सब −१० ठेवतो आणि डायनॅमिक ईक्यू बंद. खालच्या काकूंना जाऊन विचारून आलो, त्यांना आता त्रास नाही.

पाचपावली_नवा

उशिरा विचारतोय. माझ्याकडे जुन्या डीव्हीडी होम थिएटरचा सब पडून आहे, त्याला फक्त दोन वायरी आहेत, प्लग नाही. नव्या रिसीव्हरच्या 'सब प्री-आउट'ला जोडला तर चालेल का?

बर्डीकर

नाही चालणार. तो पॅसिव्ह आहे, त्याच्यात अँप नाही, आणि प्री-आउटमधून फक्त बारीक सिग्नल येतो. मधे वेगळं अँप लागेल. त्याचा ओहमचा आकडा मागे लिहिलेला असेल, तो आधी इथे टाका, मग सांगतो की त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ आहे की नाही.